कापसाच्या मुलखातली चिंधी

गेल्या वैशाखात आर्णीच्या घराचे कवेलू फेरायला काढले, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. पेटीत आजीची गोधडी निघाली. तिच्या हातची शेवटची, १९९४ च्या हिवाळ्यातली. एक कोपरा उंदराने कुरतडला होता. तेवढाच सांधावा म्हणून मी चष्मा लावून बसले आणि कोपऱ्यापासून उसवता उसवता सगळी गोधडीच उसवत गेले. आठ दिवस लागले. आजीचा धावदोरा गव्हाच्या दाण्याएवढा. एक दाणा टाका, एक दाणा जागा, पुन्हा टाका. दोराही विकतचा नव्हता. जुन्या लुगड्याच्या काठातून ओढून काढलेलं सूत तिने मांडीवर वळून तिपदरी केलं होतं.

एकाखाली एक सहा थर निघाले. वर तिचं स्वतःचं जांभळं नऊवार. त्याखाली माझ्या आईच्या दोन सुती पातळांचे पट्टे. तिसरं माझ्या आजोबांचं, आबाजींचं धोतर, गुडघ्याखाली मातकट, कारण काळ्या वावराचा रंग त्यातून कधी निघालाच नाही. चौथ्या थरात मांजरपाटाचे तुकडे, एकावर हळदीचा डाग. पाचव्यात माझा शाळेतला निळा स्कर्ट, चुण्या उसवून सपाट केलेला. आणि सगळ्यांच्या पोटात एक हिरवं लुगडं, इतकं विरलेलं की खाली हात धरला तर रेषा दिसाव्यात. त्या लुगड्याला मधोमध आडवी शिवण होती. ती उसवली आणि दोन बोटं रुंद दुमड उलगडली, तर आतला हिरवा रंग नुकत्या फुटलेल्या तुरीच्या पानासारखा ताजा. त्या दुमडीला ऐंशी वर्षं ऊन लागलं नव्हतं.

ती शिवण म्हणजे दांड. आजच्या पोरींना हा शब्द माहीत नाही, म्हणून सांगते. लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं. तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे. नऊ वारातला वार-दीड वार कमी झाला तरी नेसता येतं, आणि शिवण निऱ्यांत लपते. चारचौघांत दांड दिसू न देणं हे कसब होतं. आजी म्हणायची, दांडाचं लुगडं नेसलेली बाई ओळखायची असेल तर तिची चाल पाय, ती निऱ्या हातात धरून चालते.

हे हिरवं लुगडं माझ्या बाबांच्या वेळचं, तिच्या पहिल्या ओटभरणीचं. म्हणजे १९३८. आजी स्वतः १९१८ च्या मानमोडीच्या साथीनंतर वर्षभराने जन्मली, असं तिच्या माहेरी सांगत. त्या हिशेबाने तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. घरी बारा एकर काळी जमीन, निम्म्याहून जास्त कपाशी. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ओसरीत कापसाचा ढीग छताला टेकायचा, आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो. आणि त्याच ओसरीत बसून आजी दांड घालायची. कापूस ढिगाने आणि लुगडं वर्षाला एक. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत इतिहास शिकवायला लागल्यावर मात्र त्या ओसरीचं गणित डोक्यातून जाईना.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेलं ते कापसासाठीच, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि सगळ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाही झाला. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला तर १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. पुढे काही वर्षांत मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत छोट्या रुळांची गाडी आली, तीच पुढे सगळ्यांच्या तोंडी शकुंतला झाली. आमच्या लोकांना ती माणसांची गाडी वाटायची, पण रूळ टाकले होते गाठींसाठी.

या सगळ्यात एक गोष्ट उलटी झाली. आजीच्या आजीच्या घरी चरखा होता. बाया सूत कातायच्या, कोष्टी आणि महार विणकर ते विणून द्यायचे, आणि घरचा कापूस लुगडं होऊन गावातच अंगावर यायचा. गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, मुंबईच्या त्याआधीच्या, आणि विलायती कापड तर होतंच. कापूस बैलगाडीतून बाहेर जायला लागला आणि कापड होऊन दुकानातून परत यायला लागला, मधल्या सगळ्यांची मजुरी आणि नफा अंगावर घेऊन. चरखा माळ्यावर गेला. महार विणकरांच्या हातून माग सुटला, ती माणसं दुसऱ्यांच्या वावरात नाहीतर गिरणीत मजुरीला गेली. आणि कपाशी पेरणाऱ्या घरातल्या बाईला कापड हे सोन्याखालोखाल जपायचं झालं. आजीच्या काटकसरीचं मूळ मला इथे दिसतं. तिला लोक चिकट म्हणत. तिला तर हिशेब पाठ होता.

तो हिशेब असा. लुगडं आधी सणावाराला, मग रोजचं, मग वावरातलं. मग दांड. दांडही विरला की काठ सोडवून ठेवायचे, पिशव्यांना आणि बाजेच्या ओढणीला होतात. मधल्या मऊ भागातून बाळाचं झबलं आणि दुपटं. आमच्या घरात एकाही बाळाला पहिले सहा महिने नवं कापड लागलं नाही. नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला टोचते, असं ती सांगे. पुढचे तुकडे घरातल्या बायांच्या चार दिवसांसाठी. यावर कुणी लिहीत नाही, पण जुन्या सुती कापडाचा तो केवढा तरी मोठा उपयोग होता. पुरुषांच्या नजरेआड धुवायचं, कुणाला दिसणार नाही असं तुराट्यांच्या कुडामागे वाळवायचं, आणि ओलं राहिलं की अंगावर काढायचं. जपण्यातला हा भाग चांगला नव्हता. आजीनेच माझ्या वेळी आईला सांगितलं, इच्यासाठी दुकानातून आन. उरलेलं धड ते गोधडीत जायचं. जे गोधडीतही टिकणार नाही ते चुलीपाशी धरणं, मग सारवायचं पोतेरं. पोतेऱ्याचाही शेवटचा लगदा वाळवून ती रॉकेलमध्ये भिजवून काकडा करायची. आबाजी रात्री ओलिताला जाताना तोच पेटवून नेत. कापडाची राख होईपर्यंत ते घरात कामाला असायचं, आणि राख भांडी घासायला.

गोधडी शिवायचं काम एरवी उन्हाळ्यातलं. वाळवणं आटोपली, सरगुंडे डब्यात गेले, वांग्याच्या आणि गवारीच्या खुला वाळून गाडग्यात भरल्या, की दुपारी ओसरी सारवून मोकळी व्हायची. आधी अस्तर अंथरायचं, त्यावर तुकडे जुळवायचे. तुकडा तुकड्यावर पूर्ण चढवायचा नाही, फक्त बोटभर, म्हणजे जाडी सारखी राहते. चार कोपऱ्यांवर चार दगडी वरवंटे. टाका बाहेरून सुरू करून चौकोनी वळणाने आत न्यायचा. मधून सुरू केला तर कापड फुगतं आणि कडेला झोळ येतो. दोघी बाया समोरासमोर बसून शिवतात तेव्हा पुढे सरकायचं नसतं, गोधडीच गुंडाळत न्यायची असते. शेजारच्या घरची मुसलमान आजी, आम्ही तिला खाला म्हणायचो, तीही येऊन बसायची. तिची गोधडी असेल तेव्हा आमची आजी तिच्या ओट्यावर.

आमच्या गावात बाबा कंबलपोश यांचा दर्गा आहे. कंबलपोश म्हणजे कांबळं पांघरणारा. तिथल्या उरुसात सगळ्या जातीधर्माची माणसं येतात, दुकानं लागतात. आजी त्या जत्रेतून दोनच वस्तू घ्यायची, बांगड्या आणि दाभण. दाभण ती दुकानदारासमोर अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची, वाकली की परत. खाला तिला म्हणायची, बाबांनी एक कांबळं जन्मभर वापरलं, तुझी दाभण चार वर्षं तरी टिकव. दोघी हसायच्या.

सगळा कापूस काही विकायला जात नसे. वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात सीतादही व्हायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच पहिलं बोंड खुडायचं. त्या पहिल्या कापसातला ओंजळभर देवाच्या वातींसाठी वेगळा निघे. त्याची सरकी ती पाटावर लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरवून काढायची. सळईखाली रुई सुटते आणि सरकी टपटप वेगळी पडते. तो आवाज अजून कानात आहे. डागी, किडका कापूस म्हणजे कवडी. तिला व्यापारी भाव देत नसे, म्हणून ती घरी राहायची आणि दर चार-पाच वर्षांनी पिंजारी आला की तिच्या उशा व्हायच्या. सरकी म्हशीला. झाड वाळलं की पऱ्हाट्या चुलीला, त्यातल्या बारीक काटक्यांचे खराटे. कपाशीच्या धुऱ्याला अंबाडी असायची. तिची भाजी खायची, बोंडांचं शरबत, आणि दांडे नदीच्या डोहात कुजवून वाख काढायचा. अरुणावतीच्या काठाला कार्तिकात त्या कुजट वासाने उभं राहवत नसे. त्याच वाखाच्या दोरीने आबाजी बाजा विणायचे. तुरीचंही तसंच. तेल-पाणी लावून, ऊन देऊन घरीच भरडायची, डाळ आपल्याला, चुनी गाईला.

आबाजींचं ते मातकट धोतर खादीचं. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. तो वारा आमच्या घरातही शिरला आणि आबाजींनी खादी धरली ती शेवटपर्यंत. सहा वर्षांनी गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा माळ्यावरचा चरखा काही दिवस खालीही आला. आजी कातत असे, पण तिचं मत तिच्या कामावरून ठरलेलं होतं. खादी तिला आवडायची कारण ती पाणी पिते आणि धुऊन मऊ पडते. गोधडीला तिच्यासारखं कापड नाही, असं ती म्हणे. स्वराज्याबद्दल ती इतक्या खात्रीने कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

महायुद्धात १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आलं. कंट्रोलचं कापड हा शब्द तिच्या तोंडी पुढे पन्नास वर्षं राहिला. ठरल्या भावाचं, भरड, आणि तेही माणशी मोजून. त्या काळात तिने आबाजींच्या एका धोतराची दोन केली, लांडी, गुडघ्यापर्यंतची. एकाच नणंदेचं लग्न काढायचं होतं, तर घरातल्या तीन बायांनी आपापल्या वाट्याचं कापड तिला दिलं आणि वर्ष दांडावर काढलं. पेटीतल्या त्या हिरव्या लुगड्याला दांड याच वर्षात पडला. त्या दुमडीत दडलेला ताजा रंग या वर्षाने बंद करून ठेवलेला.

१९७२ चा दुष्काळ मी पाहिला, मी नऊ वर्षांची होते. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, परदेशातली. तिची भाकर थापताना चिरायची. आजी त्यात ताकात भिजवलेलं पीठ घाली. गावोगावी खडी फोडायची कामं निघाली, आमच्या शेजारच्या बाया जायच्या. आजीने त्या हिवाळ्यात तीन गोधड्या शिवून खडीवर जाणाऱ्यांच्या घरी दिल्या. चिंध्यांचं बोचकं तिने असल्याच वेळेसाठी राखलेलं असायचं.

पण त्याच वर्षांत एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते दुष्काळापेक्षा तिनेच आजीचं शास्त्र मोडलं. टेरिकॉट आलं. १९७४ असेल. बाबांनी यवतमाळहून पँटचं कापड आणलं, कडक, चुरगळत नाही असं. सगळं घर हात लावून बघत होतं. आजीने कडेचा एक दोरा ओढला, चुलीतलं निखाऱ्याचं लाकूड पुढे घेतलं आणि दोरा त्यावर धरला. सुती दोरा पेटतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि फुंकर मारली की राख उडून जाते. हा दोरा आखडला, वितळला, आणि टोकाला मोहरीएवढी काळी गोळी झाली. तिने ती चिमटीत दाबून बघितली. फुटली नाही.

"पाय व पोरी," ती मला म्हणाली, "हे जयते तं गोयी होते. राख नाई होत याची."

बाबा हसले. ती हसली नाही. पुढे दहा वर्षांत गावातली निम्मी कापडं तशी झाली, सगळ्यांच्याच अंगावर, कपाशी पेरणाऱ्यांच्याही. टिकाऊ होती, स्वस्त होती, धुवायला सोपी, आणि कामाच्या बाईला ती हवीशी वाटली यात काही चूक नव्हतं. मीही हौसेने नायलॉनच्या साड्या नेसले. पण ती कापडं विरत नव्हती. जे विरत नाही ते मऊ पडत नाही, म्हणून बाळाला चालत नाही. पाणी पीत नाही, म्हणून पोतेरं होत नाही. वात होत नाही, कारण ज्योतीत वितळते. गोधडीत घातलं तर दाभण अडते आणि थर एकमेकांवरून घसरतात. आजीने एकदा प्रयत्न केला, रात्री आबाजींनी पांघरली आणि सकाळी अर्धा भाग पायाशी गोळा झालेला. तिने ती उसवून टाकली. लुगड्यापासून राखेपर्यंतची ती साखळी सुती कापडाच्या गुणावर उभी होती. गुण गेला आणि साखळी तुटली. सगळे म्हणतात सुबत्ता आली आणि काटकसर गेली. आमच्या आर्णीत सुबत्ता काही फारशी आली नाही, काटकसर मात्र गेली. आजीला जुनी वस्तू टाकून द्यायची वेळ पहिल्यांदा आली ती या कापडाने.

आणि टाकून दिली ती मी. १९८४ च्या होळीला मी नोकरीच्या गावाहून घरी आले होते. कोनाड्यातलं चिंध्यांचं बोचकं मला घाण वाटलं, त्यात झुरळं होती. आजी दर्ग्याकडे गेली होती. मी ते उचलून पोरांच्या होळीत टाकलं. रात्री तिने कोनाडा बघितला. तिने विचारलं, मी सांगितलं. ती काही बोलली नाही, बाजेवर जाऊन पडली. त्या बोचक्यात आबाजींच्या अंगरख्याची पाठ होती, ते जाऊन तीन वर्षं झाली होती. मला माहीत नव्हतं. माहीत नसणं ही काही सबब नव्हे, चाळीस वर्षं मी ती स्वतःला देऊन बघितली आहे. सकाळी ती होळीच्या राखेत काठीने काहीतरी चाळत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, बटनं हायेत का पायते.

तिच्याकडे बटणांचा डबा होता, साबूच्या पिवळ्या पत्र्याचा. कोणतंही कापड फाडायच्या आधी बटणं निघायची. त्यात शिंपल्याची होती, हाडाची होती, पितळी होती, पुढे प्लास्टिकची. आबाजींच्या अंगरख्याची बटणं तिने आधीच काढून ठेवली होती, हे तिला त्या सकाळी आठवलं आणि ती काठी टाकून आत गेली.

१९९८ मध्ये ती गेली. २००२ नंतर कपाशीही बदलली, बीटी आली, बियाणं दरसाल विकत घ्यायचं झालं. आता वेचलेला कापूस त्याच आठवड्यात गाडीत चढतो, ओसरीत ढीग लागत नाही. सीतादही आमच्या शेतावर माझी भावजय अजून करते.

गोधडी मी पुन्हा शिवायला घेतली आहे. जुने सहा थर परत त्याच क्रमाने, कुरतडलेल्या कोपऱ्यावर माझ्या सुती साडीचा तुकडा. दांड मात्र परत घातला नाही, हिरव्या दुमडीचा तो पट्टा मोकळाच ठेवून त्यावर मांजरपाट चढवला. माझा टाका तांदळाएवढा येतो, कधी भुईमुगाएवढा. परवा भाची आली, नागपूरला शिकते. तिच्या आईचा जुना सुती कुर्ता घेऊन बसली आणि सरळ कात्री लावायला निघाली. मी तिचा हात धरला.

"आधी बटनं काढ. डबा फळीवर हाय."